बेबीनंदाचे बिघडलेले आटे

बेबीनंदा तोंडाची फटकळ, पण कामाला वाघीण. हसनाबादहून लग्न होऊन ती जालन्यात मस्तगडला आली आणि राधेश्यामशेठच्या कारखान्यात खोक्यांत बोल्ट भरायला लागली. भरता भरता तिचा जीव जडला पलीकडच्या, बोल्ट कापणाऱ्या कॉम्प्युटरवाल्या लेथवर. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथंच बसायची. म्हाताऱ्या काकासाहेब ऑपरेटरचं डोकं तिनं इतकं खाल्लं, की त्यांनी तिला शिकवूनच सोडलं. ते निवृत्त झाले तेव्हा शेठनं मशीन तिच्या हाती दिली.

साध्या लेथवरच्या भागवतला हे बिलकुल रुचलं नाही. त्या मशीनवर त्याचा कधीचा डोळा.

खंडेनवमीला बेबीनंदानं मशीन पोळ्याच्या बैलागत सजवली. हळदकुंकू, नारळ, आणि पुढून मागपर्यंत झेंडूचा लांबलचक हार. भागवतनं नाक मुरडलं. "बाईनं मशीन पुजायची नसती. कोपंल."

"कोपायला ती काय तुमची बायको हाय?" बेबीनंदा म्हणाली. सगळे हसले, भागवत सोडून.

आणि दसरा उलटून काम सुरू झालं, तर खरंच कोपली की! घनसावंगीकडच्या साखर कारखान्याचे बोल्ट होते. लांबी बराबर, जाडी बराबर, फक्त आटे चुकायचे. नट दोन वेढे जायचा आणि अडायचा. भागवतला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. "म्या म्हन्लं न्हवतं? बाईनं पूजा केली अन् मशीन गेली!" दुपारपर्यंत हे अख्ख्या शेडमध्ये पसरलं.

शेठ आले, बोल्टांचा ढीग पाहिला. "बेबी, सांजच्याला गाडी लागती. तोवर आटे बराबर झाले न्हाई तं उद्यापासून मशीन भागवत पाहील. तू आपली खोकी भर."

खोकी! म्हणजे बेबीनंदा परत होती तिथंच. पण रडत बसणारी बाई ती नव्हे. तिनं कापणाऱ्या हत्याराचं टोक बदललं, प्रोग्राम ओळ न ओळ वाचला, वेग बदलून पाहिला. नट आपला अडलेलाच. मग तिनं बोल्टाच्या एका लोखंडी गजाला शाई फासली आणि हत्यार नुसतं वरच्यावर टेकवून तीनदा चालवलं. हत्यार दर खेपेला त्याच रेघेवरून जायला हवं. इथं रेघा उमटल्या दोन.

"म्हंजे गज किती फिरला हेच मशीनला कळून न्हाई राह्यलं," ती पुटपुटली. गजाचे फेरे मोजणारा एन्कोडर मागच्या बाजूला असतो, दातेरी पट्ट्यावर फिरतो. तिनं वीज बंद केली आणि मागचं झाकण खोललं.

झाकणाच्या तुटक्या जाळीतून हाराचं शेपूट आत ओढलं गेलं होतं. दोरा चाकाला गुंडाळलेला, दात्यांत झेंडू ठासून बसलेला, चाक फिरलं की त्यावरून पट्टा उड्या मारत असणार. तिनं सगळं कोरून काढलं, पट्टा ताणून बसवला, एक बोल्ट कापला. नट सरसर शेवटपर्यंत गेला.

शेठनं दुसरा बोल्ट पाहिला, तिसरा पाहिला. "वा! काय झाल्तं गं?"

बेबीनंदाच्या मुठीत झेंडूचा चोथा होता. पट्टा ढिला झाल्ता, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. खरं सांगावं तर भागवतचंच खरं ठरणार, आणि तो समोरच उभा होता, कान टवकारून. असा राग आला तिला त्या झेंडूचा!

तिनं मूठ उघडली. "माझाच हार अडकल्ता, शेठ. चूक माझी."

भागवतचा चेहरा उजळला. "बघा! बाईनं पूजा—"

"भागवतभाऊ," बेबीनंदा म्हणाली, "चाकाला बाई-बाप्या कळत न्हाई. हार तुम्ही बांधला असता तरी आटे असेच गेले अस्ते. फक्त मंग, बाप्यानं पूजा केली म्हनून मशीन गेली, असं कुनी म्हन्लं नसतं."

शेडमध्ये कुणी हसलं नाही. शेठनं एकदा भागवतकडं पाहिलं आणि हातातला बोल्ट तिच्यापुढं ठेवला. "चल, मशीन चालू कर जल्दी. गाडी भरायची हाय."