आधी घास कोणी घ्यायचा

कोरियाच्या लढाईत जखमींची सेवा करून आलेला एक जवान त्या दुपारी सिंदेवाहीला आमच्या दारी पाणी प्यायला थांबला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आजोबांनी त्याला जेवायला बसवलं. भात वाढून झाला, तरी तो हात मांडीवर ठेवून आजोबांकडेच बघत राहिला. आमच्याकडे पाहुण्याआधी घरचं कोणी जेवत नाही, म्हणून आजोबाही थांबले. भात पार निवला.

"काऊन गा, आमच्या घरचं चालत नाई का तुले?" आजोबांचा आवाज पडला होता.

तो ओशाळला. "तसं नाई, बाबाजी. तिकडे एका म्हातारीनं मले जेवू घातलं होतं. जमिनीत पुरलेल्या मडक्यातून तिखट, आंबट पत्ताकोबी काढली अन् भातासंगं वाढली. मी लगेच खाऊ लागलो, त तिनं हसत माहा हात धरला. तिकडे घरच्या मोठ्या माणसानं घास घेतल्याबिगर लेकरं खात नाईत. तिनं मले पाहुणा नाई, लेकरू समजलं. तवापासून मोठ्यांच्या आधी हात उठतच नाई."

आजोबांनी आपलं ताट पुढे ओढलं. पाहुण्याआधी घास घेताना मी त्यांना तेवढं एकदाच पाहिलं.