आईचा पावसाबाहेरचा पैसा

आमची आई एका विलायती कंपनीची भागीदार होती. हे मी कॉलेजात मैत्रिणींना सांगितलं तर त्या हसत सुटल्या, कारण आमचं घर कारंजा घाडगेच्याही आत चार मैल, अंगणात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग, आणि आई शिकली चौथी. पण खरंच होती भागीदार. तिच्या नावाचा जाड कागद होता, कडेला वेलबुट्टी काढलेला, आणि तो तिनं पेटीत नव्या लुगड्याच्या घडीत ठेवलता.

पण हे झालं कसं, ते आधी सांगते. एका वर्षी आमच्याकडं पाऊस दडी मारून बसला. कपाशी गेली, ज्वारीचं कणीस भरलंच नाही. आईनं नाचणगावला माहेरी निरोप धाडला की दोन पोते ज्वारी असली तर पाठवा. निरोप घेऊन माणूस निघाला, आणि त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं तिकडचा माणूस आमच्याकडं आला. निरोप काय, तर तुमच्याकडं ज्वारी असली तर दोन पोते पाठवा. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई नाही हसली. ती त्या दिवसापासून एकच गोष्ट बोलायला लागली, की आपले सारे सोयरे एकाच आभाळाखाली बसून आहेत, सगळ्यांचं एकदमच जाते, मग कोण कोणाले देईन?

माझा मामा, म्हणजे आईचा लहान भाऊ, वर्ध्याला ऑफिसात कारकून होता. राहायचा पिपरी मेघेला. सत्तरचं दशक संपत आलतं, सरकारनं बाहेरच्या कंपन्यांना सांगितलतं की तुमचे थोडे शेअर इथल्या लोकांना विका, आणि मामाच्या ऑफिसात नुसती फॉर्मची साथ आलती. एका शनिवारी तो पिशवीत तीन फॉर्म घेऊन आला. एक त्याचा, एक मामीचा, एक आईचा.

"बाई, कंपनी विलायतेची हाये," तो म्हणाला. "साऱ्या दुनियेत धंदा हाये तिचा."

"तिकडं पाऊस पडते का?"

"पडते म्हणजे? बाराही महिने पडते."

"अन् इथं नाई पडला तं?"

"तिले काय करा लागते इथल्या पावसाशी."

बस, आईचं ठरलं. बाबा ओसरीत दोर वळत बसलते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "साळेबुवा, कमिशन किती देऊन राह्यला गोरा साहेब तुमाले?"

"भाऊजी, तुमच्यासाठी बी आणतो एक फॉर्म."

"माह्यासाठी बैल आण."

आईनं माहेरून आलेली म्हैस विकली. ती तिची होती, त्यामुळं बाबा काही बोलू शकले नाहीत. पण आठवडाभर चहा पिताना "दूध विलायतेले गेलं वाटते" म्हणायचे.

शेअर मागणारे खूप होते म्हणून चिठ्ठ्या टाकून वाटले. मामाचा फॉर्म परत आला, मामीचा परत आला, आणि आईला पन्नास शेअर लागले. मामा कागद द्यायला आला तेव्हा त्याचं तोंड पाहण्यासारखं होतं. "मी साऱ्या ऑफिसाले शिकवलं अन् लागले कोणाले, तं म्हशीवालीले."

मग दरवर्षी एक लांबट लिफाफा यायचा. त्यात आईच्या वाट्याचा नफा, थोडासाच, पण पोस्टमन तिचं पूर्ण नाव वाचून हाक मारायचा. गावात तिच्या नावानं हाक मारणारा तो एकटाच. विहिरीवरच्या बाया तिला चिडवायच्या, "काहो, यंदा तुमचा साहेब आला नाई?" आई म्हणायची, "तिकडं पानी पडून राह्यलं, कसा येईन?"

असं चार-पाच वर्षं छान चाललं, आणि मग आमच्या शेताच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागून असलेलं दोन एकर विकायला निघालं. विहिरीसकट. बाबांची त्या शेतावर किती वर्षांपासून नजर होती ते मला माहीत आहे, कारण ते धुऱ्यावर उभे राहून त्या विहिरीकडं असे पाहायचे जसं कोणी मिठाईच्या दुकानाकडं पाहते. मामानं सांगितलं, शेअरचा भाव चांगला वाढला, विकले तर शेताचे बरेचसे पैसे उभे राहतात. फक्त आईची सही पाहिजे.

"त्या शेतात विहीर हाये," बाबा म्हणाले. "तुह्या कागदात काय हाये?"

"माह्या कागदात हा पाऊस नाई."

"अवं, पाऊस नाई म्हून तं विहीर पाहिजे."

"विहीर कोणाच्या भरवशावर भरते?"

बाबा ताटावरून उठले. पण विषय संपला नाही. रोज जेवताना निघायचा. आई सही करीन नाही, बाबा मागणं सोडतीन नाही, आणि शेतवाला म्हणे दिवाळीपर्यंत थांबतो.

आदल्या वर्षी पाऊस पुन्हा कमी झालता, आणि या वर्षी लिफाफ्यातून निम्मेच पैसे आले. आई चक्रावली. "तिकडं काय झालं असन वं?" मला विचारते, जसं मी तिकडून आलते. सोबत कंपनीचं चकचकीत पुस्तक यायचं दरवर्षी, इंग्रजीत. ते आतापर्यंत डब्यांखाली अंथरलं जायचं. त्या वर्षी मी दहावीत होते, मोठी इंग्रजी येत असल्यासारखी डिक्शनरी घेऊन बसले.

पहिल्याच पानावर अध्यक्ष साहेबाचं भाषण. आणि त्यातला पहिला परिच्छेद कशावर, तर पावसावर. मला वाटलं मीच चुकीचं वाचते. पुन्हा वाचलं. देशात पाऊस कमी झाला, कपाशीचं नुकसान झालं, शेतकऱ्यांनी फवारणीचं औषध कमी घेतलं, म्हणून आमचा नफा घटला. पान उलटलं तर रंगीत फोटो, आणि फोटोत तीच बाटली जी आमच्या गोठ्यात फळीवर होती. पुढं लिहिलतं की कारखाना मुंबईजवळ, माल सारा इथंच विकते. दुनियाभरचा धंदा होता तो मोठ्या कंपनीचा. आईचे शेअर तिच्या इथल्या शाखेचे.

आता हे सांगू की नको? सांगितलं तर आईची बाजूच पडते, शेअर जाते अन् बाबांचं शेत येते. मी मनात ठरवलं, नाही सांगायचं. आणि अर्ध्या तासात सांगून टाकलं, माझ्या पोटात काही राहातच नाही.

बाबा उठून गोठ्यात गेले, बाटली आणली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि माझ्यापुढं धरली. खाली बारीक इंग्रजी अक्षरांत कंपनीचं नाव. मी वाचलं.

"म्हणजे मी दुकानात देतो," बाबा सावकाश म्हणाले, "अन् घरी तुले येते?"

"त्यातलं थोडंसं," मी म्हटलं.

"मंग ठेव वं हे शेअर. विकू नको. घरचीच कंपनी निंगाली."

आई बाटलीकडं पाहात बसली. "साहेब बी आपल्यासारखाच वर पाहून राह्यला," ती म्हणाली. "विकून टाका."

"कालपर्यंत तं नाई नाई म्हणत होती."

"काल मले मालूम नव्हतं का ते बी आपल्याच कपाशीवर बसले हायेत. विका. पण शेत नाई घ्याचं."

"काऊन?"

"अजून दोन एकर त्याच आभाळाखाली काऊन घेऊ?"

यावर बाबा हसले नाहीत. दोन दिवस ते आईशी माझ्यामार्फत बोलले, "तुह्या मायले मीठ माग" असं. शेत दुसऱ्यानं घेतलं. अजूनही बाबा धुऱ्यावरून जाताना त्या विहिरीकडं पाहात नाहीत, आणि आईला ते समजते.

शेअर विकले आणि आईनं मामाला बोलावणं धाडलं. तो पुन्हा पिशवी भरून फॉर्म घेऊन आला. आई पाटावर बसून एकेका फॉर्मला विचारायची, "हे कशावर चालते?" साखर म्हटलं तर ऊस, बाजूला. कापड म्हटलं तर कापूस, बाजूला. बिस्कीट म्हटलं तर गहू. मामा कंटाळला. शेवटचा फॉर्म जहाजाच्या कंपनीचा निघाला.

"हे जहाजं कुठं जाते?"

"साऱ्या बंदरांवर. अरबस्तान, जपान, अमेरिका. एका देशाचा माल दुसऱ्या देशात."

"इथले किती?"

"इथं तं नुसतं ऑफिस हाये, बाई."

"लिव माहं नाव."

बाबा दाराशी उभे होते. "बुडलं तं?"

"एका दमात सारे थोडेच बुडतीन."

आईनं सही केली. त्यानंतर दोन वर्षं थोडं थोडं आलं, आणि मागच्या साली लिफाफा आला तर त्यात पैसेच नाहीत, नुसतं पुस्तक. त्या साली आमच्याकडं कापूस असा पिकलता की घरात पाय ठेवायला जागा नव्हती, मी छतापर्यंत लागलेल्या कापसाच्या गंजीवर चढून बसले आणि वाचून दाखवलं. दुनियेत व्यापार मंदावला, जहाजं माल नाही म्हणून बंदरात उभी आहेत, यंदा वाटायला काही नाही.

बाबा म्हणाले, "घे. गेली म्हैस."

आईनं विचारलं, "पावसाचं काई लिवलं हाये का?"

मी पहिल्या पानावरचं अध्यक्षाचं भाषण पुन्हा पाहिलं, शेवटपर्यंत. "नाई. एक शब्द नाई."

"मंग बराबर हाये," आई म्हणाली. "उतर आता खाली, गाडी येऊन राह्यली, कापूस भरा लागते."