ओकबुन मावशीचं गाठोडं

माझ्या ओकबुन मावशीला दोन वयं आहेत. खरं सहासष्ट आणि ओळखपत्रावरचं चौसष्ट. ती जन्मली तेव्हा पोर जगतंय की नाही याचाच भरवसा नव्हता, म्हणून आजोबांनी दोन वर्षं वाट पाहिली आणि मगच तिचं नाव नोंदवलं. एवढ्या सावध माणसाच्या पोटी अशी धडाकेबाज बाई कशी आली, देव जाणे. बोल्ग्योच्या खाडीत चाळीस वर्षं गुडघाभर चिखलात उतरून तिने शिंपल्या काढल्या, बाजारात बसून विकल्या, तीन पोरं शिकवली. राजधानी सोल मात्र बघायचं राहून गेलं. लग्नाच्या दिवशी मानशिक काकांनी शब्द दिला होता, "तुला राजवाडा दाखवीन." त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. दर वर्षी तेच, "पुढच्या वर्षी."

गेल्या वसंतात दोघं एकदाची सोलला माझ्याकडे आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी खोलीतून बाहेर आली ती लग्नातला हानबोक, आमचा जुन्या पद्धतीचा पोशाख, घालून. लाल घोळदार परकर, वर हिरवी चोळी. चोळी पुढून मिटत नव्हती, तिथे सेफ्टी पिन. हातात हे एवढं गाठोडं.

"राजवाड्यात हानबोकवाल्यांना फुकट सोडतात," ती म्हणाली. "सरकार मला म्हातारी मानत नाही ना? मग नवरी म्हणून जाते."

मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू? मेट्रोत सगळा डबा वळून बघत होता. काकांना तर ऊतच आला होता. ते अडुसष्टचे, पासष्टीनंतर मेट्रो फुकट.

"मी सरकारचा पाहुणा," ते प्रत्येक स्टेशनात मावशीला म्हणायचे. "तू काढ तिकीट, पोरी. लहान आहेस अजून. आणि त्या गाठोड्यात काय? आख्खं बोल्ग्यो उचलून आणलंस का?"

"जेवण आहे."

दुपारी शहराच्या मधून वाहणाऱ्या ओढ्याच्या पाण्यात पाय सोडून आम्ही किंबाप, भाताच्या गुंडाळ्या, खाल्ले. ते निघाले माझ्या पिशवीतून. गाठोडं तिने सोडलंसुद्धा नाही.

मग राजवाडा. दाराशी पहारा बदलण्याचा सोहळा चालला होता, मावशीने नगाऱ्याच्या प्रत्येक ठोक्याला टाळ्या वाजवल्या. तिकीटखिडकीवरच्या मुलीने तिला हसत आत जायची खूण केली आणि काकांकडे ओळखपत्र मागितलं. पासष्टीच्या पुढे इथेही फुकट, पण पुरावा दाखवून. काकांनी सगळे खिसे चाचपले. मेट्रोचं फुकट कार्ड सापडलं, पण त्यावर ना फोटो ना जन्मतारीख. ओळखपत्र माझ्या घरी, दुसऱ्या विजारीत!

"काका, तुम्ही तर साठीचेही वाटत नाही," ती मुलगी म्हणाली. वाटतील कसे? सोलला यायचं म्हणून आदल्याच दिवशी केस काळेभोर रंगवून आले होते.

तरुण दिसता म्हटल्यावर एवढा भडकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. "तिकीट काढणार नाही! सोल बघायला एक वॉन देणार नाही, असं गावभर सांगून आलोय. तुम्ही दोघी जा. मी बसतो बाकावर."

मी पाकीट काढलं तर माझ्यावरच खेकसले. घरी जाऊन ओळखपत्र आणायला वेळ नव्हता, संध्याकाळच्या बसने दोघांना परतायचं होतं. मावशीचा चेहरा पडला. दिवसभरात पहिल्यांदाच.

"एकटीनेच जायचं असतं," ती म्हणाली, "तर मी केव्हाच जाऊन आले असते."

मावशीने तिथेच बसकण मारली आणि गाठोड्याची गाठ सोडली. आत घडी केलेला आकाशी सदरा, पांढरी विजार, घोट्याला बांधायच्या फिती. नवरदेवाचे कपडे.

"मेलो तरी घालणार नाही म्हणाला होतात, म्हणून बोलले नाही. पण आणले."

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. "लोक हसतील गं."

"हसू देत. तेही फुकटच."

काका कपडे घेऊन स्वच्छतागृहात गेले ते पंधरा मिनिटं आतच. आले तेव्हा कान लाल झालेले. विजार मुळातच एवढी ढगळ, की चाळीस वर्षांचं पोट तिच्यात सहज मावलं. फिती कशा बांधायच्या ते मात्र विसरले होते. मावशी खाली वाकून बांधू लागली. "हलू नका हो!" काका हलत नव्हते. तिच्या डोक्याकडे बघत उभे होते. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं.

खिडकीवरची मुलगी उठून उभीच राहिली. "जा, जा आत, दोघंही!"

आतल्या अंगणात भाड्याचे चकचकीत हानबोक घातलेल्या पोरापोरींची गर्दी होती. त्यातलीच एक धावत आली. "आजी, काय सुंदर कपडे आहेत दोघांचे! कुठल्या दुकानातून घेतले भाड्याने?"

मावशीने काकांचा हात घट्ट धरला होता.

"माझ्या आईच्या," ती म्हणाली. "एका दिवसासाठी शिवले होते तिने. तो दिवस अजून संपला नाही बघ."