सावलीतलं ऊन

नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. कोथरूडच्या एका सोसायटीतली ती घटना मात्र मनातून जात नाही. आठवली की आजही माझी मान खाली जाते.

त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवड्याभरात दोन स्कूटरच्या सीट जळाल्या आणि तिसऱ्या गाडीच्या कव्हरने पेट घेतला. सेक्रेटरी तक्रार घेऊन चौकीत आले. "अहो साहेब, दुपारी एक ते चार आमच्याकडे बेलसुद्धा वाजत नाही, तशी पाटीच आहे. जागा असतो तो एकटा गेटवरचा इस्त्रीवाला. कोळशाची इस्त्री, त्यात टेबल हलवा म्हणून आम्ही नोटीस दिलेली. आता काय ते आपणच समजा."

मी समजलो. जरा जास्तच लवकर समजलो.

इस्त्रीवाल्याला चौकशीसाठी आणलं. पन्नाशीचा, शांत माणूस. "साहेब, गाड्या उन्हानं जळत्यात," तो म्हणाला. पार्किंग इमारतीच्या पूर्वेला, दुपारी तिथे सावली. मला वाटलं, गडी टिंगल करतोय. मी आवाज चढवला.

त्याने हात जोडले. "सावलीतच ऊन येतंय. एकदा दुपारचं येऊन बघा. रविवारी पोरीच्या लग्नाची सुपारी फुटायची हाय साहेब, मला हितं बसवू नका."

मी गेलो नाही. त्याला दोन दिवस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, चौकीच्या बाकावर बसवलं. तो बाक रस्त्यावरून दिसतो.

दुसऱ्या दिवशी तो बाकावर असतानाच चौथ्या गाडीची सीट जळाली. तेव्हा कुठे मी अडीच वाजता पंचनाम्याला पोहोचलो. सगळ्या खिडक्यांचे पडदे ओढलेले. समोर काचेची नवी उंच इमारत, तिची दर्शनी बाजू किंचित आत वळलेली. तिच्यावरून परतलेलं ऊन एका पट्ट्यात सावलीत उतरलं होतं. पंचनाम्याचं पॅड मी जळक्या सीटवर ठेवलं आणि मोजमापं घेऊ लागलो. परत आलो तर कागद तपकिरी झाला होता आणि प्लास्टिकचं पेन वाकलं होतं.

बाकावरची बातमी पोरीच्या सासरी पोहोचली असणार, म्हणून त्याच संध्याकाळी मी हडपसरला नवऱ्या मुलाच्या घरी गेलो आणि चूक माझी आहे हे सांगितलं. मुलाच्या वडिलांनी चहा दिला, ऐकून घेतलं. "साहेब, तुमचं पटतंय. पण वर्दीतला माणूस दारात आल्यालं आता समद्या गल्लीनं बघितलं." साध्या कपड्यांत जावं, एवढंही मला सुचलं नव्हतं. सुपारी फुटली नाही.

त्या वेळी तिथे कोण होतं, हा तपासातला पहिला प्रश्न. मीही तोच विचारला. जो जागा होता त्याने काय पाहिलं, हे मात्र ऐकून घेतलं नाही. माझा आरोपी हाच माझा एकमेव साक्षीदार होता.

काचेच्या इमारतीवाल्यांनी नंतर बाहेरून जाळी लावली. सोसायटीने इस्त्रीचं टेबल राहू दिलं. काही महिन्यांनी दुपारी मी तिकडून जात होतो. कपड्यांचे गठ्ठे तसेच पडलेले आणि तो टेबलाखाली भिंतीकडे तोंड करून आडवा.

"आज काम नाही का?" मी विचारलं.

तो वळला नाही. "काम हाय की. पण एक ते चार आता मीबी झोपतो, साहेब."