उभ्या गाडीचं वजन

मे महिन्यात एका सकाळी घराच्या फाटकातच मोटरसायकल माझ्या हातून गेली. मी ती चालवत नव्हतो. इंजिन बंद होतं. मागे ढकलताना चाक फरशीच्या कडेवरून घसरलं आणि जवळजवळ दोनशे किलोची गाडी सावकाश डावीकडे आडवी झाली. मी हँडल धरून होतो. त्याचा काही उपयोग नव्हता. समोरच्या किराणा दुकानातले दोघे आले, त्यांनी गाडी उचलून दिली. त्यातला एक म्हणाला, "सर, आते स्कूटर ल्या." तो चेष्टा करत नव्हता.

मी चौसष्ट वर्षांचा निवृत्त शिक्षक आहे, शहाद्याला राहतो. जड गाडी झेपत नाही आणि गाडी सोडवतही नाही, अशा माझ्या वयाच्या लोकांसाठी हे लिहितो आहे. शहादा, तळोदा, चांदसैलीचा घाट, धडगाव, मोलगी, अक्कलकुवा आणि परत, असा दोन दिवसांचा हा फेरा आहे. माझा तिसरा दिवस सारंगखेड्याकडे गेला.

जुनी गाडी पावसाळ्यात विकली. नवी घेतली ती साधारण चाळीस किलोनं हलकी, उंच हँडलची, डोंगरातल्या रस्त्यांसाठी बनवलेली. पाठ ताठ ठेवून बसता येतं. खड्डे मणक्यापर्यंत पोहोचत नाहीत. या जातीच्या गाड्या बहुतेक उंच असतात, म्हणून दुकानात गेलात तर चालवून बघण्याआधी नुसते बसा. प्रवासात घालणार तेच बूट घाला. दोन्ही टाचा जमिनीला लागतात का पाहा. मग उतरून, कुणाची मदत न घेता, गाडी दहा पावलं मागे ढकला. चालताना कुठलीच गाडी जड नसते. उभी राहिली की तिचं वजन कळतं.

हे शहाणपण माझं नाही, रतिलालचं आहे.

रतिलाल माझा मित्र. तापीकाठचा गुजर शेतकरी. केळी, ऊस, थोडा कापूस. सारंगखेड्याच्या घोड्यांच्या बाजारात त्याला मान होता. घोडा घ्यायला आलेली माणसं त्याला पारख करायला बोलवायची. घोडेवाले घोडा पळवून दाखवायचे, नाचवून दाखवायचे. रती तिकडे बघायचा नाही. तो म्हणायचा, "पयतांना सगळाच घोडा चांगला दिखतस. उभा ऱ्हास तवय दख." मग चहा मागवायचा आणि घेणाऱ्याला त्या उभ्या घोड्याशेजारी उभं करायचा. चहा संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. घोडा पाय कसा टाकतो, भार कुठं घेतो आणि शेजारचा माणूस त्याच्यासमोर केवढा दिसतो, एवढंच तो बघायचा. म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला सरळ सांगायचा, "दादा, हाऊ घोडा चांगला शे, पन तुम्हना नही." लोक ऐकायचे.

आम्ही दोघं दरवर्षी बाजाराच्या आधी हा डोंगरातला फेरा करायचो. वीस-बावीस वर्षं केला असेल. दोघांकडे सारख्याच जड गाड्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, आम्ही नंदुरबारला एका शोरूममध्ये गेलो होतो. मला टायर बघायचे होते. रती आतल्या बाजूला एका हलक्या गाडीवर जाऊन बसला. तिथूनच त्यानं हाक मारली, "मास्तर, दोन्ही पाय टेकतस." त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता. दुकानातली तीन-चार माणसं बघत होती. मी म्हणालो, "जिंदगीभर घोडा पारख्यात, आन् आते तट्टू लेस का?"

सगळे हसले. रतीही हसला. उतरला आणि माझ्याबरोबर टायर बघायला आला.

त्याच डिसेंबरमध्ये चांदसैलीच्या घाटात, एका वळणावर, वरून सवारीची जीप आली. आम्ही दोघं थांबलो. रतीनं डावा पाय खाली टेकवला. तिथं रस्ता उताराला होता. गाडी उभ्या जागी त्याच्या अंगावर गेली. मांडीचं हाड खुब्याजवळ मोडलं. जीपमधल्या माणसांनी गाडी उचलली तेव्हा तो माझ्याकडे बघून, तक्रार नसल्यासारखा, म्हणाला, "मास्तर, पाय लागनाच नही."

ऑपरेशन झालं. तो नीट उभा राहिला नाही. पुढच्या आषाढात गेला. तट्टूचं मी कुणाला सांगितलं नाही. दहाव्यानंतर त्याच्या घरीही गेलो नाही.

यंदा गाडी बदलल्यावर फेरा करायचं ठरवलं. घाटातून आलो की त्याच्या घरी जायचं आणि त्याच्या बायकोला, वहिनींना, तट्टूचं सांगायचं, हेही ठरवलं. याआधी दोनदा ठरवलं होतं.

पहिला दिवस. सकाळी सातला शहादा सोडलं. डिसेंबरात सात वाजता चांगली थंडी असते, हातमोजे हवेत. तळोद्याला पेट्रोल भरून घ्या आणि नाश्ताही तिथंच करा. तळोद्यानंतर कापसाची शेतं संपतात आणि रस्ता चढायला लागतो. घाटात काही ठिकाणी दरडीची माती वाळून रस्त्यावर बसलेली असते, वळणावर बारीक खडी असते. जुन्या गाडीवर अशा ठिकाणी माझे खांदे आवळायचे. यावेळी आवळले नाहीत. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी निमूट चढत राहिली. मला ती आवडत होती, आणि ते बरं वाटत नव्हतं.

त्या वळणावर थांबलो. रस्ता रिकामा होता. डावा पाय टेकवला. टेकला. उजवा टेकवला, तोही टेकला. समोर साग वाळत आलेले, खाली दरीत दोन-तीन घरं आणि एक हिरवा तुकडा. थोडा वेळ तसाच उभा राहिलो.

पुढं वरच्या बाजूला चहाची टपरी आहे. दहा रुपयांत चहा, तोही आल्याचा. टपरीवाला पावरा आदिवासी आहे, घरात पावरी बोलतो, आमच्याशी शाळेतली मराठी. त्यानं मला ओळखलं, गाडी ओळखली नाही. विचारलं, "ते घोडेवाले दादा नाही आले?"

मी म्हणालो, "नाही. यंदा नाही."

"पाय बरा झाला का त्यांचा?"

मी मान हलवली. तो होकार होता की नकार, हे त्यानं विचारलं नाही. तो म्हणाला, त्या दिवशी त्यांना उचलायला मीही होतो, माणूस जड नव्हता, गाडीच जड होती. मी पैसे दिले आणि निघालो. अर्ध्या किलोमीटरवर गाडी वळवली. परत जाऊन सांगितलं की दादा गेले. तो हातातला पेला विसळत होता. विसळून झाल्यावर म्हणाला, "मग आधी तसं का बोलले?" त्यानं दुसरा चहा दिला आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

धडगावला दुपारी पोहोचलो. मुक्कामाला लॉज आहेत, सहाशे-सातशेत स्वच्छ खोली मिळते, गरम पाणी बादलीनं. सरकारी कचेऱ्यांचं गाव; कामाच्या दिवशी जीपगाड्या भरभरून लोक येतात आणि चारनंतर गाव एकदम रिकामं होतं. जेवायला मक्याची भाकरी, उडदाची डाळ आणि लाल मिरचीची चटणी मागा. रती इथं डाळ दोनदा घ्यायचा. खानावळीतल्या बाईंनी मला न विचारता दुसऱ्यांदा वाढली.

दुसरा दिवस. धडगाव ते मोलगी रस्ता अरुंद आहे, पण घाई नसेल तर याच्यासारखा दुसरा नाही. डोंगरामागे डोंगर, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एखादं सुटं घर. मोलगीत भगर घेतली, तिथली भगर प्रसिद्ध आहे. देवगोईचा घाट उतरून अक्कलकुव्याला आलं की एकदम ट्रक, गुजरातच्या नंबरप्लेटा, फाफड्याच्या गाड्या. एवढा वेळ शांततेत काढल्यावर हॉर्न ऐकून माणूस दचकतो. अक्कलकुवा ते तळोदा जड वाहनं फार, अंधाराच्या आत उरकावं. मी साडेचारला शहाद्यात होतो. पाठ दुखत नव्हती. मनगटं दुखत नव्हती. सलग दोन दिवस डोंगरात गाडी चालवून मी विनासायास घराच्या फाटकातून आत आलो.

संध्याकाळी गॅरेजवाल्याला फोन केला. गाडी घेतानाच ठरलं होतं की मी एकटाच फिरतो तर मागची सीट काढायची आणि तिथं सामानासाठी सपाट कॅरियर बसवायचा. तो म्हणाला, सोमवारी आणा.

तिसरा दिवस. सारंगखेड्याच्या रस्त्याला लागलो. बाजार भरायला चार दिवस होते, पण घोडे यायला लागले होते. ट्रकमधून उतरवलेले, अंगावर झुली, डोळ्यांत झोप. रतीचं गाव अलीकडेच आहे. केळीच्या बागांमधून रस्ता जातो. घरासमोर गाडी थांबवली तेव्हा वहिनी ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. सून आतून पाणी घेऊन आली. मुलगा शेतात होता.

वहिनींनी माझी विचारपूस केली. गुडघ्यांचं विचारलं. त्यांचेही गुडघे गेले आहेत. रतीच्या जड गाडीवर त्या शेवटच्या कधी बसल्या, ते त्यांनाच आठवत नव्हतं. इतक्या दिवसांत का आलो नाही, हे विचारलं नाही. त्यांचं लक्ष गाडीकडे होतं.

"त्या दखाले गयथात, तीच का हाई?"

'त्या' म्हणजे रती; वहिनी त्याचं नाव घेत नाहीत. मी हो म्हणालो, तेच मॉडेल. रतीनं ती गाडी पाहिल्याचं त्यांना माहीत असेल, असं मला वाटलं नव्हतं.

त्या उठल्या, पायऱ्या एकेक करून उतरल्या आणि गाडीजवळ आल्या. मागच्या सीटवर तळवा ठेवला. सीट दाबून पाहिली. मग सांगायला लागल्या. दसऱ्याच्या आधी आठ दिवस घरात या गाडीचंच बोलणं होतं. सीट बुटकी आहे, तुला चढता येईल, असं रती म्हणाला होता. त्यांच्या शेतातून सातपुडा रोज दिसतो. लग्न होऊन आल्या तेव्हापासून दिसतो. धडगाव एकदाही पाहिलं नव्हतं. यंदा बाजाराआधी तुला घाट दाखवतो, मास्तरला म्हणावं तू एकटा जा, असं तो म्हणाला होता. आणि मग नंदुरबारहून हात हलवत परत आला.

"त्या सांगेत, मांगलं सीट कच्चं शे. बाई मानूस पडी." त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. "कच्चं ते नही दिखत."

"सीट पक्कं शे, वहिनी," मी म्हणालो.

मग सांगितलं. शोरूम, माणसं, तट्टू, हसणं. घाटातलं वळणही सांगितलं. 'पाय लागनाच नही' हेही. सून दारात उभी होती. मी थांबलो. मागच्या गल्लीत कुणीतरी मोटर चालू केली.

वहिनी म्हणाल्या, "घरमा आम्ही सांगूत ते त्या हसावारी लेयेत. तुम्हनंच ऐकेत त्या."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला काहीतरी म्हणता आलं असतं. चला, आत्ताच चांदसैलीपर्यंत नेऊन आणतो, असं मी म्हणालो. म्हणतानाच ते चुकल्याचं कळलं.

"आते जाईसन काय करू?"

त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितलं. चहा आला. मी ओट्यावर बसलो, त्या बसल्या नाहीत. गाडीशेजारी उभ्या राहिल्या, एक हात सीटवर. मी काही बोलायला गेलो तर त्यांनी दुसऱ्या हातानं थांबवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, त्या रतीसारखी उभी गाडी पारखत होत्या. त्यांचा कप ओट्याच्या कडेवर तसाच होता.

मग म्हणाल्या, "पक्की लाया." मी गाडी डबल स्टँडवर लावली, हँडल धरून उभा राहिलो. सुनेनं त्यांचा दंड धरला. "सांभाळीसन, आई." डावा पाय फुटरेस्टवर, एक हात सुनेच्या खांद्यावर, आणि त्या बसल्या. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, डोक्यावरचा पदर सारखा करून. तोंड उत्तरेकडे. समोर केळीची बाग होती आणि बागेच्या वर डोंगराची निळी रेघ. त्या तिकडे बघत होत्या. पुढच्या रिकाम्या सीटची कड त्यांनी बोटांनी धरली होती.

चहा पिवळट साय धरून गार झाला. सून एकदा माझ्याकडे बघून गेली. मी हँडल सोडलं नाही.

उतरल्यावर त्या म्हणाल्या, "गाडी चांगली शे." मेथीची अर्धी जुडी कागदात बांधून दिली. पुन्हा या, असं म्हणाल्या नाहीत. येऊ नका, असंही नाही.

शहाद्याला परत येताना पंधराएक किलोमीटर मी सावकाश चालवली. सरळ रस्ता, दोन्हीकडे ऊस, गाडी अगदी हलकी. घरी आल्यावर मेथी ओट्यावर ठेवली आणि गॅरेजवाल्याला फोन केला. कॅरियर नको, मागची सीट राहू द्या, म्हणालो.

त्यानं विचारलं, कुणी बसणार आहे का मागे.

मी म्हणालो, नाही.