चोरटीची बदली

नवीन राक्षसांच्या पुस्तिका मला कधीच आवडल्या नाहीत, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. आम्ही जो खेळ खेळतो त्यात एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातलं एकेक पात्र होतात आणि अडलं की फासे टाकायचे. मूळ नियमांचं पुस्तक एकदा घेतलं की जन्मभर त्याच्या पुरवण्या निघत राहतात. राक्षसांची पुरवणी म्हणजे लग्नातलं रुखवत, बघायला झकास पण पोटात काही जात नाही. नव्या मंत्रांवरून भांडणं होतात. जादूची तलवार एकाला दिली की दुसऱ्याचं तोंड फुगतं.

पुरवणी असावी ती गावाची. विहीर कुणाची, कुणाचं कुणाशी वाकडं, पुजारी कशाला भितो, बाजार कुठल्या वारी, एवढं चार पानांत मिळालं की मी तीन रविवार सहज काढते. बँकेच्या नोकरीत माझ्या इतक्या बदल्या झाल्या की गाव कसं उभं राहतं हे मला कुणी शिकवायला नको. इथल्या आलमबागच्या बाजारातला माझा भाजीवाला तर मी खेळातल्या तीन वेगवेगळ्या राज्यांत नेऊन बसवलाय. तिन्हीकडे तो वरची कोथिंबीर द्यायला का कू करतो.

वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी डाव बसतो. ही गोष्ट घडली तेव्हा खेळणाऱ्या दोघी होत्या. एक माझी इथे उत्तरेत वाढलेली, कॉलेजात जाणारी मुलगी, जिला मी मराठीत विचारते आणि जी हिंदीत उत्तर देते. दुसरी छावणीत राहणारी, साताऱ्याकडची एक सुभेदारीण. नवरा दोन वर्षं सरहद्दीवर, क्वार्टरमध्ये ही एकटीच. बँकेच्या काउंटरवर तिनं मला "तुम्ही मराठी का ओ?" असं विचारलं आणि आमचं जमलं. एवढी शिस्तीची बाई की कपबशासुद्धा रांगेत ठेवायची. पण खेळात तिनं पात्र घेतलं ते चोरटीचं. भिंती चढायची, कुलपं उघडायची, पहारेकऱ्यांना बनवायची आणि दर चोरीनंतर खुदुखुदु हसायची.

मग नवऱ्याची बदली झाली, कुटुंब नेता येईल अशा ठिकाणी. तो सरहद्दीवरून थेट तिकडे जाणार होता आणि ही इथून सामान घेऊन. ती आनंदात होती. मला मात्र रडू येत होतं, आणि रडू आलं की मी कामाला लागते. शेवटच्या रविवारी तिला झोकात निरोप द्यायचा असं मी ठरवलं आणि, लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात तशी, चक्क राक्षसांची नवी पुरवणी मागवली.

त्यातला तीन तोंडांचा सर्प मी नदीच्या पुलावर आणून ठेवला. पलीकडे गाव. चोरटी एकटी सर्पाला अडवणार, गाव वाचणार आणि ती मरणार. भारदस्त आवाजात वाचायला दोन पानांचं वर्णनसुद्धा लिहून ठेवलं होतं.

"आता पुलावर तू एकटीच," मी म्हणाले. "मागं फिरलीस तर गाव जाईल."

तिनं हातातले फासे टेबलावर ठेवले. "मरायचंय का तिनं?"

"अगं, वीरमरण आहे! गावकरी वेशीवर पुतळा उभारतात तिचा."

"ताई, दोन वर्षं झाली, फोन वाजला की मी आधी देवाकडं बघते आन् मग उचलते. पुतळे लई बघितलेत ओ आमच्या गावात. हिला नका मारू."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं मला झालं. मुलीनं माझ्या हातातली पुस्तिका काढून मिटली. "मम्मी, छोड़ो ना ये सब. आंटी, फ़ौज में लोग जाते कैसे हैं?"

"कसं म्हंजे? हुकूम येतो. पेट्या रंगवून त्यावर नवा पत्ता घालायचा. जेवायला बोलवतात. मग गाडीत बसायचं." ती जरा सावरली. "नव्या जागी पहिल्या दिवशी गॅस जोडलेला नसतो. तर शेजारून डबा येतो. कोण शेजारी ते ठाऊक नसतं, पण येतो."

असली पुरवणी मी कुठंच पाहिली नव्हती. सर्पाला पुलावर तसाच उपाशी सोडून आम्ही तिघींनी कागद ओढले. चोरांच्या पंचायतीकडून आलेला बदलीचा हुकूम लिहिला, चोरटीच्या पेटीत काय काय जाणार ते लिहिलं. पहिला डबा कुणाकडून येणार हे सुभेदारणीनं ठरवलं: पहारेकऱ्याच्या बायकोकडून. ते लिहिताना ती पुन्हा खुदुखुदु हसली. वाटेत जंगल होतं, तेव्हा चोरटी सुखरूप पोचते की नाही यासाठी नियमानं फासे टाकायला हवे होते. मी टाकू दिले नाहीत.

आता नवं कुणी खेळायला आलं आणि कुठली पुरवणी घेऊ म्हणून विचारलं, की मी सांगते, ज्यात निघायचं कसं आणि पोचल्यावर जेवायला कोण घालतं हे लिहिलेलं असेल ती घ्या. तसली विकत मिळत नाही, मग त्यांना लिहायला बसवते.

ती गेल्यानंतर आठवडाभर फोन नव्हता. मग एका सकाळी मी बँकेत निघताना आला.

"पोचलो ओ ताई."

"कोण कोण?" मी विचारलं.

"मी परवाच आले. हे आज पहाटं आले," ती म्हणाली. "आत्ता अंघोळ करतायत." आणि मग तिला रडू फुटलं. एवढ्या दिवसांत तिला रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं.