रायबाची आई

वर्षाराणी लोहाऱ्याच्या एका खाजगी शाळेत मराठी शिकवायची. बाप व्यंकट आणि आई बानूबाई, दोघांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. तिनं मोबाईलवर भाग-भाग करून एक कादंबरी लिहिली. किल्ल्याच्या तळ्यात, पाण्याखालच्या महालात राहणारी राजकन्या आणि लांडग्यांची भाषा कळणारा धनगराचा पोरगा रायबा, यांचं प्रेम. कॉलेजातल्या पोरींनी ती इतकी उचलून धरली की सोलापूरच्या एका प्रकाशकानं पुस्तकच छापलं, आणि लोहाऱ्यातल्या वाचनालयानं त्यावर चर्चा ठेवली.

बानूबाईला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं कौतुक ऐकायला ती नवं लुगडं नेसून पुढच्या रांगेत येऊन बसली. सूत्रसंचालकानं ओळख करून दिली, "शेतकरी कुटुंबातल्या आपल्या लेखिका." ही माहिती वर्षाराणीनंच लिहून दिली होती. बानूबाईनं मान वळवून लेकीकडं पाहिलं. वर्षाराणी समोरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल वाचत राहिली.

बोलायला उभी राहिली शिवांजली, कळंबला एम.ए. करणारी मुलगी. तिनं आधी मनापासून वाखाणलं. लांडगा कळपात शिरतो आणि रायबा त्याची समजूत घालतो, ते प्रकरण तिनं तीनदा वाचलं होतं. रायबा आणि राजकन्येची पहिली भेट सुरू झाली की पुस्तक खाली ठेववत नाही, म्हणाली. मग दोष सांगितले. प्रेम फार लवकर जमतं. राजकन्या नुसती वाट बघते, स्वतः काहीच करत नाही. डोळे तर पानोपानी चमकतात. लोक हसले, वर्षाराणीही हसली.

"आणि एक खटकलं," शिवांजली म्हणाली. "शेवटी रायबा खरा राजपुत्र निघतो. धनगराच्या पोरावर राजकन्येनं जीव लावला तर काय बिघडलं असतं? ज्या बाईनं त्याला वाढवलं, तिला पुस्तकात नावसुद्धा नाही. तिच्या अंगाला लोकरीचा वास येतो, एवढंच आपल्याला कळतं. तो महालात जाताना मागं वळूनही बघत नाही."

वर्षाराणीला आईकडं बघायची हिंमत होईना. उत्तर द्यायला माईक हातात आला, तेव्हा ती "धन्यवाद" एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

परतीच्या जीपमध्ये बानूबाईनं हळूच विचारलं, "त्या बाईचं पुढं काय झालं गं?"

"कुठल्या?"

"त्या पोराच्या आईचं."

"म्या लिहिलंच न्हाय, आई."

"असू दे. ती पोरगी चांगली बोलली."

रागावली असती तर बरं झालं असतं, असं वर्षाराणीला वाटलं. शाळेत कुणी विचारलं की ती वडील शेतकरी आहेत असंच सांगायची. वडील एकदा डबा द्यायला आले, तर तिनं त्यांना फाटकाबाहेरूनच परत पाठवलं होतं. हे सगळं त्या जीपमध्ये तिच्या मांडीवर येऊन बसलं.

रविवारी तिनं आपणहून पुस्तक काढलं आणि ओसरीवर आईला वाचून दाखवायला बसली. लांडग्याच्या प्रकरणाला बानूबाई खूश झाली. "ह्ये तर तुझ्या बापानं सांगितलेलं," म्हणाली. पुढं ते वासाचं पान आलं. ते गाळून पुढं जाता आलं असतं. वर्षाराणीनं ओळ न् ओळ वाचली.

"येतोच की वास," बानूबाई म्हणाली. "पावसाळ्यात तर लई येतो." आणि कोकरांना सोडायला उठून गेली.

वर्षाराणीनं पुस्तक मिटलं. हल्ली तिनं दुसरा भाग लिहायला घेतलाय. त्यात रायबाची आई त्याला शोधत पाण्याच्या काठावर येऊन उभी राहते. ती त्याला काय म्हणते, हे वर्षाराणीला अजून सुचलेलं नाही. चार पानांवरच लिखाण थांबलंय.